दोन स्पीकर आणि एक संशयित गल्ली

माणसानं माणसावर विश्वास ठेवावा, असं आम्हाला मूल्यशिक्षणाच्या तासाला शिकवतात. हा धडा ज्यांनी लिहिला ते पाटोद्याला आमच्या गल्लीत राहिलेले नसणार. आमच्या गल्लीत कोणी 'कुठं चाललीस गं?' असं विचारलं तर उत्तर देण्याआधी तो का विचारतोय ते बघावं लागतं. कारण तुम्ही 'दुकानात' म्हणालात की तो तुमच्या हातात पिशवी देतो.

ही गोष्ट दोन स्पीकरची आहे. त्यात मी ज्यांच्यावर संशय घेतला त्यांची यादी देत नाही. कोण सुटलं ते सांगणं सोपं जाईल.

सुरुवात वर्गात झाली. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, आमच्या मुलींच्या शाळेत मोठा कार्यक्रम असतो आणि यंदा सूत्रसंचालन माझ्याकडे आलं होतं. ही बातमी साधी नाही. सहावीपर्यंत हजेरीला 'उपस्थित' म्हणतानासुद्धा माझा आवाज बाकाखाली पडायचा आणि बाई मला गैरहजर लावायच्या. आता मी नववीत आहे आणि मला गप्प बसवायला दोन बाई लागतात.

तर मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, वर्गावर आल्या नि म्हणाल्या, "शाळेच्या साउंड बॉक्समध्ये उंदरांनी संसार थाटलाय. वायरी खाल्ल्यात. पण काळजी नको, अमरसिंहदादा त्यांचा डीजे फुकट पाठवतायत."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी मात्र वाजवल्या नाहीत. अमरसिंहदादा हे आमच्या भागातले पुढारी. त्यांचा डीजे फुकट असतो हे खरं, पण त्याच्यासोबत स्टेजपेक्षा मोठा बॅनर येतो आणि दादांचा भाचा रविराज येतो. रविराज माईक हातात घेतो तो मांडव काढायला माणसं आली तरच सोडतो. मागच्या वर्षी ज्या ताईचं सूत्रसंचालन होतं, ती पूर्ण कार्यक्रमभर हार घेऊन उभी होती. म्हणजे डीजे आला की माझं सूत्रसंचालन गेलं.

माझा हात आपोआप वर गेला. "मॅडम, आमच्या घरी स्पीकर आहेत. मोठे. दोन."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "वाजतात का?"

"खणखणीत."

हे मी इतक्या आत्मविश्वासानं म्हणाले की क्षणभर मलाच खरं वाटलं. खरी परिस्थिती अशी होती की त्या स्पीकरना मी कधी वाजताना ऐकलंच नव्हतं. एकावर आमचा टीव्ही उभा होता आणि दुसऱ्यावर पिठाचा डबा. मला ते बरीच वर्षं फर्निचर वाटायचे.

माझी मैत्रीण अलमास शेजारून पुटपुटली, "क्या बोली री तू? वो तो तुम्हारे घर का टेबल है ना?"

संध्याकाळी पप्पांना सांगितलं. पप्पा, म्हणजे सुंदरराव, सरकारी कचेरीत कारकून आहेत. कुठलंही काम सांगितलं की आधी ते 'बघू' म्हणतात. पण स्पीकरचं नाव काढताच माणूस उठून उभा राहिला. टीव्ही खाली, डबा खाली, आणि पुढची जाळी काढून आम्ही दोघं आत डोकावलो.

मधे काळ्या कागदाचा मोठा खोलगट कोन असतो, आइस्क्रीमचा असतो तसा. त्याच्या भोवती रबराची एक गोल कड असते. ती कोनाला चौकटीशी धरून ठेवते आणि तरीही पुढंमागं हलू देते. हे मला तेव्हा पप्पांनी सांगितलं. मऊ रबर असलं तर आवाज मोकळा येतो. कडक झालं की आवाजाचा घसा बसतो. फाटलं की संपलंच.

आमचं रबर परवाच्या भाकरीच्या कडेसारखं झालं होतं. पप्पांनी बोटानं जरासं दाबलं तर तुकडा हातात आला. तो त्यांनी घाईघाईनं परत जागेवर ठेवला. कोणी बघितलं नाही ना, हे बघायला मागं वळले, तर दारात बंकटकाका उभे.

बंकटकाका आमचे शेजारी. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, म्हणून जगात जिथं जिथं रबर आहे तिथं त्यांचं मत असतं.

"सुंदरराव, काय चाल्लंय?"

"काय न्हाई, जरा साफसफाई."

"साफसफाईला पेचकस लागतो का?" काका आत येऊन बसलेसुद्धा. "रबर वाळलंय. एरंडेल लावा. आमी एसटीच्या दाराच्या रबराला एरंडेलच लावायचो."

"एसटीची दारं लागत नाहीत काका," मी म्हणाले.

"ती ड्रायव्हरची चूक."

काका आले म्हणजे गल्लीला आवतण गेलं. समोरच्या छबुबाई म्हणाल्या, खोबरेल लावा, पायाच्या भेगा त्यानंच जातात. कोणी व्हॅसलीन सांगितलं, कोणी ग्लिसरीन, आणि एका मामांनी टायरला काळं करायची पॉलिश आणून दिली. त्यांची गाडी मी पाहिली आहे. तिची टायरं सोडून बाकी सगळं गंजलंय. माझे पप्पा कोणाचं मन मोडत नाहीत. त्यांनी काय केलं, तर कडेचे भाग पाडले आणि प्रत्येक भागावर एकेकाचा उपाय लावला. आमचा डावा स्पीकर कृषी विभागाच्या प्रात्यक्षिक प्लॉटसारखा दिसायला लागला. फक्त बियाण्यांच्या पाट्या रोवायच्या बाकी होत्या.

आई स्वयंपाकघरातून बघत होती. तिचा संशय निराळा. "आवं, आज शाळेला दिलं की उद्या गणपतीवाले येतील. मग लग्नं. मग माझा पिठाचा डबा कुठं ठिवायचा?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या भागांचं एकमत झालं. रबर चिकट होऊन लोंबायला लागलं. अलमासच्या वडलांचं, वाहेदचाचांचं, बसस्टँडसमोर पंक्चरचं दुकान आहे. मी स्पीकर रिक्षात घालून त्यांच्याकडं नेला. चाचांनी बोट लावलं, वास घेतला आणि तोंड असं केलं की जणू मयताला आलेत.

"किसने लगाया?"

"सगळ्यांनी."

"बेटा, रबरला तेल म्हंजे शुगरवाल्याला जिलेबी. तोंडाला गोड, अंदरसे खलास."

मला वाटलं, चला, एक तरी शहाणा माणूस मिळाला. मग शहाण्या माणसानं ट्रकच्या ट्यूबची पट्टी कापली आणि कोनाच्या कडेला गोल चिकटवून टाकली. "आता तुझा नातू बी वाजवील." घरी येऊन लावलं तर स्पीकरमधून काहीच येईना. रबर इतकं जाड होतं की कोन हलतच नव्हता. ट्रकला पेलणारं रबर गाण्यानं कसं हलणार? चाचांना फोन केला तर म्हणाले, "मजबूत है ना? आवाज का तुमने बोला नहीं था."

शेवटी पप्पांनी मोबाईलवर शोधून नव्या रबरी कडा मागवल्या. त्या पाटोद्याला येईनात. डिलिव्हरीवाला फोनवर म्हणाला, "मॅडम, तुमचा पत्ता सापडंना. शिरूर कासारला येऊन घ्या." आमचा पत्ता अख्ख्या गल्लीला सापडतो, ज्याला यायचंय त्यालाच सापडत नाही. पप्पा स्कूटीवर शिरूरला गेले. पार्सल घेताना त्या माणसानं ते कानाशी हलवून विचारलं, "आत काय हाय?" पप्पांनी खरं सांगितलं. त्याला ते खोटं वाटलं आणि त्यानं पप्पांचा फोटो काढून ठेवला.

पण कडा! काय सांगू, काळ्याभोर, मऊ, लहान बाळाच्या गालासारख्या. जुनं सगळं खरवडून काढलं. कोन मधोमध बसला पाहिजे, इकडं तिकडं झाला की आत घासतो, म्हणून पप्पांनी श्वास रोखून गोंद लावला. पुढं दिवसभर कडेवर आईचे डाळीचे डबे वजन म्हणून ठेवले. त्या दिवशी आमच्याकडं पिठलं झालं, कारण डाळीला हात लावायचा नव्हता.

आणि मग शाळेचा माईक जोडून वाजवलं. मी खोटं बोलत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर हललं. माझा 'सुप्रभात' घरातून निघून चौकात गेला आणि तिथल्या कुत्र्यानं उत्तर दिलं. रबर चिकटू नये म्हणून मी त्यावर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवला, आईच्या उशीचे अभ्रे दोन्ही स्पीकरना घातले आणि जाहीर केलं, "आता ह्याला कोणीही हात लावायचा नाही. तेल नाही, मलम नाही, प्रेमसुद्धा नाही."

तेवढ्यात मॅडमचा निरोप आला की लाउडस्पीकर लावायचा तर पोलिसांची परवानगी लागते आणि ती स्पीकरच्या मालकानं काढायची. पप्पा आणि मी गेलो. हवालदारांनी अर्ज उलटा करून पाठीमागं काही लिहिलंय का ते पाहिलं.

"लग्न?"

"न्हाई साहेब, शाळेचा कार्यक्रम."

"कुठला पक्ष?"

"पक्ष न्हाई. मुक्तिसंग्राम दिन."

"पक्ष न्हाई?" हवालदारांनी पेन खाली ठेवला. "मंग वाजवता कावून?"

पप्पा माझ्याकडं बघायला लागले. मी पुढं होऊन सूत्रसंचालनाचा पहिला परिच्छेद म्हणून दाखवला. हवालदारांनी तो पूर्ण ऐकला, मला वाटतं त्यांना आवडलाही, कारण सही करताना ते म्हणाले, "आवाज तर हिचाच लई हाय. हिला परवानगी लागती का ते बगा."

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण यंदा पोळा नेमका सतरा तारखेच्या तोंडावर आला. पोळ्यासाठी आमचे आबा, म्हणजे पप्पांचे वडील आश्रुबा, गावाहून आले होते. आबा कमी बोलतात. दिवाळीनंतर त्यांनी बैलजोडी विकली, तेव्हापासून तर आणखीच कमी. आल्या आल्या त्यांनी अभ्र्यातल्या स्पीकरकडं पाहून विचारलं, "आजारी हायेत का?" मी म्हणाले, "नाही आबा, बरे झालेत. सतराला कामाला जाणार आहेत." ते "आस्सं" म्हणाले आणि तंबाखूची डबी उघडली.

पोळ्याच्या दिवशी सकाळी उठून मी अभ्रा काढला आणि किंचाळले.

दोन्ही स्पीकरच्या नव्या कोऱ्या रबरावर पिवळा, ओशट थर होता. बोट लावलं तर सटकलं. डाव्या स्पीकरचं रबर फुगून त्याचा गोंद वीतभर सुटला होता. मी वास घेतला. तूप! तूप आणि हळद!

हा घातपात होता. दुसरा शब्दच नाही. माझ्या डोळ्यांपुढं रविराज माईक घेऊन उभा राहिला आणि मी हार घेऊन. दादांनी माणूस फोडला होता, हे उघड होतं. प्रश्न एवढाच, की कोणता?

पप्पा स्कूटी काढायला गेले होते ते परत आले, हँडलवरनं हात सटकून अंगणातच पडल्याची तक्रार करत. मी म्हणाले, "पप्पा, इथं एवढं मोठं कारस्थान शिजतंय आणि तुम्हाला स्कूटीचं पडलंय!" आई म्हणाली मिक्सरचं झाकण बसत नाही, निसटतंय. तिला मी उत्तरसुद्धा दिलं नाही. मोठ्या गुन्ह्याचा तपास करणाऱ्या माणसाला घरच्यांनी असं झाकणाचं सांगू नये.

तपासाची माझी पद्धत शास्त्रीय होती. ज्यानं तूप-हळद लावली त्याच्या हाताला वास राहणारच. म्हणून मी गल्लीत हात बघून भविष्य सांगते असं जाहीर केलं. लोक अभ्यासाला मुलं पाठवत नाहीत, पण भविष्याला स्वतः येतात. मी प्रत्येकाचा तळवा नाकाजवळ नेऊन म्हणायचे, "रेषा बारीक आहे, नीट दिसत नाही."

छबुबाईंच्या हाताला तुपाचा वास. पॉलिशवाल्या मामांच्या हाताला तुपाचा वास आणि नखांत हळद. मी अलमासकडं गेले, वाहेदचाचांचा हात हुंगला, तर पंक्चरच्या सोल्युशनखाली तिथंही तूप! अख्खी गल्ली ह्या कटात सामील होती. मी भिंतीला टेकले.

अलमास म्हणाली, "पागल, आज पोळा है. तुम्हारी अम्मीनेच सुबह पुरणपोळी भेजी."

हा मुद्दा मी तपासात धरला नव्हता. पोळ्याच्या दिवशी बीड जिल्ह्यात तुपाचा वास न येणारा माणूस सापडणं अवघड, आणि सापडला तर संशयित तोच. तशी मी परत फिरले तर बंकटकाका भेटले. त्यांचा हात हुंगला. काही नाही. साबणाचा वास! म्हणजे पुरावा धुतला होता! शिवाय त्यांचा पुतण्या दादांची जीप चालवतो. शिवाय 'तेल लावा' हे गल्लीत पहिल्यांदा कोण म्हणालं होतं?

दुपारी काका आमच्याकडंच जेवायला होते. पान वाढलेलं, पप्पा शेजारी, आबा कोपऱ्यात भिंतीला टेकून. काकांनी पहिला घास उचलला आणि मी उभी राहिले.

"उपस्थित मान्यवर! आज आपल्यामध्ये अशी एक व्यक्ती बसली आहे, जिच्या कार्याचा परिचय करून देताना मला अत्यंत दुःख होत आहे..."

"हिला काय झालं?" आई म्हणाली.

"ज्यांनी उजेडात एरंडेल सुचवलं आणि अंधारात तूप लावलं, ते आपले बंकटकाका!"

काकांचा घास हवेतच राहिला. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "म्या? तूप?" ते पप्पांकडं वळले. "सुंदरराव, मला डॉक्टरनं दिवाळीपासून तूप बंद केलंय. ही पोळी बगा, कोरडी खातोय. मला खायला मिळंना आन् म्या ते स्पीकरला लावीन व्हय?"

पोळी खरंच कोरडी होती. मी पुढचं वाक्य विसरले. सूत्रसंचालकानं कधी वाक्य विसरू नये, पण त्यासाठी पुढं वाक्य असावं लागतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "म्याच मळलेत."

सगळे वळले. आबा शांतपणे पानावरची भाजी सारखी करत होते.

"काय मळलं आबा?" पप्पांनी विचारलं.

"खांदे. काल खांदेमळणी व्हती ना."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून मळतात. वर्षभर जू ओढून त्यांना घट्टे पडलेले असतात. मग बैलाच्या कानात सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

"बैल न्हाईत," आबा म्हणाले. "हात तर शिवशिवत्यात. मंग म्हनलं, ह्या घरात कोण राबतंय? ती तुजी गाडी राबती, रोज हाफिसात नेती. तिचे खांदे मळले."

पप्पांनी सकाळी खरचटलेलं कोपर चोळलं.

"सूनबाईंचं ते गुरगुरतं यंत्र, त्याचे मळले. आन् ही पोरगी म्हनली हे दोघं बी कामाला जाणार हायेत. बगितलं तर खांद्यापाशीच पट्टा बांधलेला. वाळूनशान कोरडा ठक्क, वर पांढरं पडल्यालं."

ती माझी टाल्कम पावडर होती.  पण ते सांगून काय उपयोग? ज्या माणसानं स्पीकरच्या कानात जेवणाचं आवतण दिलंय, त्याच्यावर रागावायचं कसं, हे मूल्यशिक्षणात शिकवत नाहीत. आईनं उठून त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली. आबांनी ती अर्धी मोडून बाजूला काढली. कोणासाठी ते कोणी विचारलं नाही.

बंकटकाका मात्र उठले. "माझा अपमान झालाय. म्या इथं एक घास खाणार न्हाई." मग जरा थांबून आईला म्हणाले, "वनमालाबाई, घरी बांधून द्या."

पुढचे दोन दिवस मी आणि पप्पा त्या रबरामागं होतो. साबणाच्या पाण्यात फडकं पिळून तूप पुसलं, सुकवलं, परत पुसलं. उजवा बराचसा सावरला. डाव्याची कड ठिकठिकाणी सैलच राहिली. गोंद लावला की धरायचा आणि वाजवलं की सुटायचा. नव्या कडा मागवायला वेळ नव्हता आणि पप्पा म्हणाले, शिरूरला त्यांचा फोटो आहे.

सोळा तारखेला शाळेत चाचणी झाली. मोठ्या मॅडम समोर खुर्ची टाकून बसल्या. मी माईकवर बोलले आणि आवाज असा स्वच्छ आला की मॅडमनी तिथूनच दादांना फोन लावला. "दादा, डीजे नको. सोय झालीय. तुम्ही पाहुणे म्हणून या." पाहुणे तर दादाच असणार होते. ते ठरवावं लागत नाही, उन्हाळ्यासारखे ते येतातच. दादांचा डीजे मग परळीच्या कुठल्याशा वाढदिवसाला गेला आणि रविराजसुद्धा त्याच्यामागं. मी जिंकले होते. नंतर पप्पांनी 'हॅलो, माईक टेस्टिंग' म्हटलं तेव्हा स्पीकर जरा गुरगुरला, पण पप्पांना सर्दी होती.

सतरा सप्टेंबर. झेंडा झाला, गीत झालं. पटांगणात ऊन चढत होतं, मुली ओळीत बसलेल्या. मी बोलत होते आणि माझा आवाज भिंतीपलीकडं भाजीबाजारात जात होता. मला एवढं छान आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मग मी म्हणाले, "आता मी विनंती करते अमरसिंहदादांना..."

दादा उठले. दादांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा जाड आहे. त्यांनी माईक धरला, पटांगणावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "व्यासपीठावरील..."

फर्रर्रर्र.

डाव्या स्पीकरची सैल कड फडफडली होती. बारीक आवाजाला कोन थोडाच हलतो, ते रबर सहन करतं. जाड आवाजानं तो जोरात पुढंमागं जातो आणि सुटलेलं रबर फट्फट् आपटतं. हे मला तिथंच, त्या क्षणी, एकदम समजलं. शास्त्र असं अवेळी समजतं.

दादांनी माईककडं पाहिलं. "सर्व..." फर्रर्र. माईक लांब धरला. फर्र. जवळ आणला. फर्रर्रर्र! पहिलीच्या पोरी हसायला लागल्या. त्यांना बघून दहावीच्या. एका बाईंनी पदर तोंडावर घेतला आणि तो काढेचनात.

दादांनी माईक खाली केला आणि मला बोटानं बोलावलं. "ए पोरी. तू बोलली की नीट वाजतंय. म्या बोललो की फर्र. ही काय भानगड हाय?"

सगळं पटांगण माझ्याकडं बघत होतं. रविराज परळीला होता, पण माईक काढून घ्यायला दादांना कोण लागतं? माझा आवाज परत बाकाखाली पडायच्या बेतात आला. मग मी म्हणाले, "दादा, तुमचा आवाज लई वजनदार आहे. साध्या स्पीकरला पेलत नाही."

दादांच्या मिशा जराशा हलल्या. "ते हायच म्हना. मंग आता?"

"तुम्ही सांगा, मी माईकवर बोलते."

दादांना दुसरा मार्ग नव्हता. ते माझ्या कानाशी वाकून बोलायला लागले. स्वातंत्र्यसैनिकांपासून सुरुवात करून ते स्वतःच्या आजोबांवर आले, तिथून पंचायत समितीच्या निवडणुकीवर, तिथून विरोधकांवर. मला हसू येत नव्हतं, भीती वाटत होती. एवढं सगळं लक्षात कुठं राहणार?

मी माईकवर म्हणाले, "दादा म्हणतात, ज्यांनी आपल्यासाठी तुरुंग सोसला त्यांना नमस्कार करा."

मुलींनी हात जोडले. टाळ्या पडल्या. दादा खूश होऊन शाळेच्या रस्त्यावर आले. निधी कसा आला, कोणी अडवला, टेंडर कुठं फिरलं, कोणाच्या मेव्हण्यामुळं परत गेलं. बराच वेळ सांगत होते. मी अंगठ्यानं घाम पुसला.

"दादा म्हणतात, रस्ता अजून झालेला नाही."

ह्यावर तर पालकसुद्धा उठून टाळ्या वाजवायला लागले. मागून कोणी तरी ओरडलं, "खरं बोल्ले दादा!" दादा दचकले, मग त्यांनी लोकांकडं पाहिलं. त्यांच्या भाषणाला एवढ्या टाळ्या बहुधा पहिल्यांदाच पडत होत्या. त्यांनी हात वर केला, पुढचं सांगायला तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. टाळ्या चालू असताना थांबावं, हे पुढाऱ्याला सांगावं लागत नाही. "बास," ते माझ्या कानात म्हणाले. "आभार मान."

ऊन डोक्यावर यायच्या आत कार्यक्रम संपला. एकही मुलगी चक्कर येऊन पडली नाही. बाई म्हणाल्या, शाळेच्या इतिहासात असं पहिल्यांदा झालं.

पण लोकांचे डोळे! जाताना दादा थांबले, स्पीकरकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत स्पीकरकडं, आणि जीपमध्ये बसले. पप्पांनी वायर गुंडाळता गुंडाळता हळूच विचारलं, "आरू, सैल कड तू मुद्दाम तशी ठेवली नव्हतीस ना?" बंकटकाका फाटकाशी उभेच होते. "मुद्दामच केलंय. मला पहिल्या दिवसापासनं हिचा संशय व्हता." अलमास म्हणाली, "सच बोल. मैं किसीको नहीं बोलूंगी," आणि ती सगळ्यांना सांगते हे मला माहीत आहे. मी शप्पथ घेतली तर संशय आणखी वाढला. आमच्या गल्लीत शप्पथ फक्त खोटं बोलणारा घेतो.

तेवढ्यात शिपाईमामा आले. "आरोही, मोठ्या मॅडमनी हाफिसात बोलावलंय. एकटीलाच."

 माफीचं एक वाक्य मी जाता जाता तयार केलं, त्यात तीन 'कृपया' होते. मॅडमनी मला आत घेतलं, दार लोटलं, खिडकीबाहेर कोणी नाही ना ते पाहिलं आणि खुर्चीत बसल्या. बराच वेळ टेबलावरची काच पुसत होत्या.

"सव्वीस जानेवारीला सभापती साहेब येणार आहेत," त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेला ते दुपारपर्यंत बोलले होते."

"हो मॅडम."

"सूत्रसंचालन तूच करायचं. स्पीकर घेऊन यायचे. दोन्ही."

"हो मॅडम!" माझा आवाज परत चौकात गेला. "तोपर्यंत आम्ही नवीन रबर बसवतो मॅडम, एकदम खणखणीत..."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि आवाज खाली केला.

"रबराला अजिबात हात लावायचा नाही."